घरचा माणूस

प्रिय सृष्टी,

रोज समोर दिसतेस, तरी लिहितोय. तोंडावर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, आणि तो चढल्यावर काय होतं ते सगळ्या वस्तीने बघितलंय.

तो माणूस चहाच्या कंपनीचा आहे हे मला कुठून कळणार? गिऱ्हाईक बनून यायचं, चहा, स्वच्छता, वागणूक गुपचूप तपासायची, ही त्यांची पद्धत. तुझ्या आईच्या मदतीला काउंटरमागे उभा होतो. मला दिसलं एवढंच, की इस्त्रीच्या शर्टातला कोणीतरी तुझं नाव विचारतोय, फोटो काढतोय आणि तू हसतेयस. गिऱ्हाइकाशी हसायचं असतं हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, ते नंतर आठवलं. तोवर त्याची कॉलर माझ्या हातात होती. कॉलेजही असंच सुटलं, सरांच्या अंगावर धावून जाऊन. तिथे निदान वाटोळं माझ्या एकट्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने दुकान बंद केलं, बोर्डावर कापड चढलं. वारज्यातल्या आपल्या वस्तीत कंपनीने फ्रँचायझी द्यावी म्हणून संस्थेच्या श्यामलाताईंनी किती खेटे घातले. तुझ्या आईचं दुकान नीट चाललं, तर पुढचं गोदाबाईंना मिळणार होतं. उद्घाटनाची साडीसुद्धा घेऊन ठेवलीय त्यांनी. आता मी दिसलो की त्या रस्ता बदलतात. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तुझी आई. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, काउंटरमागे फक्त घरची माणसं चालतात, मग हा कोण? काकू शांतपणे म्हणाल्या, माझा थोरला आहे, डोक्याने जरा गरम, बहिणीची कोणी छेड काढतंय असं वाटलं त्याला. श्यामलाताई टेबलाकडे बघत राहिल्या. इतकी सरळ बाई माझ्यापायी खोटं बोलली, आणि मी नुसती मान हलवली. साहेब विरघळले. सोमवारी दुकान उघडणार.

त्याआधी शनिवारी सगळ्या कुटुंबाला पुन्हा ट्रेनिंग आहे. तिथे उभं राहून एकेकाने ओळख करून द्यायची असते. मी सांगेन, मी उत्तरेश्वर, सृष्टीचा भाऊ. न अडखळता सांगेन, त्या माणसाची माफीही मागेन. तू फक्त तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. आणि चारचौघांत ते म्हणण्याआधी एकदा तुला लिहून द्यायचं होतं, म्हणून हे पत्र. मी तुझा भाऊ नाही.

वाचलंस की फाडून टाक.

तुझाच,
उत्तरेश्वर