निघालो की निघत होतो

आदरणीय बाई,

तुमच्या स्पॅनिशच्या तासाला आम्ही वर्षभर रहस्यकथाच वाचल्या. "खुनी शोधायचाय? आधी क्रियापद पकडा," असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही खिदळायचो. आता मी कोर्टात दुभाषी आहे.

महिन्यापूर्वी फक्त स्पॅनिश बोलणाऱ्या एका सुताराचा खटला होता. मालकाच्या खुनाचा आरोप. पोलिसांपुढच्या त्याच्या जबाबाचं भाषांतर मीच केलं होतं : "किंकाळी ऐकली तेव्हा मी निघालो." म्हणजे ऐकून पळाला. सरकारी वकील त्याच वाक्यावर तुटून पडले. मी मूळ जबाब उघडून पुन्हा वाचला. तो म्हणाला होता, "मी निघत होतो." म्हणजे किंकाळीच्या आधीच तो बाहेर पडत होता. स्पॅनिशमध्ये फरक एका अक्षराचा : 'सालि' की 'सालिआ'.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण वही परत देताना तुम्ही एकदा म्हणाला होतात, "चूक लपवली की तिचा गुन्हा होतो, बाळ." मी उठले. "साहेब, चूक माझी आहे."

मला त्या कामावरून काढलं. पुढे मालकाच्या शेजारणीची साक्षही त्याच्या म्हणण्याशी जुळली आणि काल सुतार सुटला. कोर्टाच्या जिन्यात तो बायकोसह थांबला होता. मी माफी मागायला लागले, तर म्हणाला, "सांगितलंत ना!"

हे पत्र टपालात पडणार नाही. तुम्ही घोटून घेतलेला भूतकाळच मी चुकवला, हे कोणत्या तोंडाने कळवू? पण त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले, बाई, तेव्हा वाटलं, तिने तुमचेच हात धरायला हवे होते.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी