दर खेपेला दोन चुका

निपाणी,
२२ ऑगस्ट २०२५

ती. अण्णास,
उपासनाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमची लेक ज्योत्स्ना इथं मजेत आहे. दहावीचं वर्ष म्हणून तिचा मोबाईल माझ्या कपाटात. पोर बापाला पत्रं लिहिते आणि शेजारचा शामू बेळगावला नोकरीवर जाताना ती नेतो, हे बघून मला किती भरून आलं होतं! काल कळलं, पत्रात माया दोन ओळींची आणि गणितं पाच.

मी तिची आत्या, पण शाळेत गणिताची बाईही मीच. गृहपाठाला वीसपैकी वीस आणि चाचणीला पंचवीसपैकी सहा, हे कसं? वही उघडली तर प्रत्येक सातच्या पोटावर आडवी रेघ. असा सात आपल्या घरात फक्त तुम्ही काढता. पोरीनं रेघेसकट उतरवलंय!

सहामाहीला तीन आठवडे राहिलेत. तिथं तुम्ही तिचा युनिफॉर्म घालून बसणार का? आता असं करा. उत्तरं पाठवत राहा, पण पाचांत दोन मुद्दाम चुकवा. तिला सांगायचं नाही.

भाऊ म्हणून लोभ आहेच, बाप म्हणून थोडा आवरावा.
उपासना

---

बेळगाव,
२५ ऑगस्ट २०२५

चि. उपासनास,
अ. उ. आ.

सापडलो बाई! व्हय, मीच सोडवतो. नववीत शाळा सुटली नि शिवणयंत्रावर बसलो, तुला ठाऊकच हाय. ज्योत्स्ना पाचवीत गेली तवापासनं तिच्या पुस्तकातनं मीबी शिकलो. तेवढीच हौस गं. हौसेपायी पोरीला नापास करायला निघालोय, हे ध्यानातच आलं न्हाय.

पण मुद्दाम चुकवायचं म्हंजे लई अवघड. बरोबर उत्तर समोर दिसतंय आणि हातानं खोटं लिहायचं! गिऱ्हाइकाचा शर्ट जाणूनबुजून आखूड शिवल्यागत वाटतंय. तरी दोन चुकवलीत. पोरगी नापास झाली तर तुझ्या दारात येऊन बसीन, आणि जेवणबी तुझ्याकडंच.

रागावून का हुईना, लोभ राहू दे.
अण्णा

---

निपाणी,
५ सप्टेंबर २०२५

ती. पप्पांस,
ज्योत्स्नाचा सविनय जय भीम.

मागच्या खेपेची तुमची उत्तरं उतरवली, त्यातली दोन चुकली. आत्यानं फळ्यापाशी उभं करून पायऱ्या विचारल्या. मला एकही सांगता येईना! सगळा वर्ग हसला. तुमचा इतका राग आला की या खेपेची पाचही गणितं पुस्तक घेऊन तपासली. चार दिवस लागले. आत्याला विचारलं नाही, ती नुसती गालात हसते.

पप्पा, वाईट वाटून घेऊ नका, पण तीन चुकली आहेत. वय झालं की होतं असं. पाचव्यात उणे गुणिले उणे अधिक होतं, तुम्ही उणेच ठेवलंय. तिन्ही पायऱ्यांसकट सोडवून पाठवतेय, नीट वाचा. मला तर तुम्हाला समजावताना जास्त समजलं. आत्याला काही बोलले नाही, तुमची अब्रू माझ्याकडे शाबूत आहे. यापुढं माझी मीच सोडवीन. तुम्हाला त्रास नको.

माया होती तेवढीच ठेवा.
तुमची ज्योत्स्ना

---

बेळगाव,
२० सप्टेंबर २०२५

चि. उपासनास,
अ. उ. आ.

सहामाहीचा निकाल शामूनं सांगितला. ऐंशीपैकी एकावन्न, आणि सगळे तिचे तिनं मिळवलेले! दुकानात पेढे वाटले. खडेबाजारातल्या निम्म्या लोकांना वाटलं, मीच पास झालो.

आता एक कबूल करतो, हसू नको. ज्योत्स्नानं माझी गणितं तपासून पाठवली, त्या खेपेलाबी मी मुद्दाम दोनच चुकवली हुती. तिनं तीन चुकीची काढली. म्हटलं, पोरगीच घसरली. रुक्माबाईच्या ब्लाऊजच्या अस्तरावर खडूनं, मी बरोबर समजलेलं पाचवं गणित तीनदा मांडलं. तिन्ही बारीला ज्योत्स्नाच बरोबर! तेवढ्यात रुक्माबाई ब्लाऊज न्यायला आली. डोळ्यांत पाणी का म्हणून विचारायली. म्हटलं, खडू गेला. खरं सांगू, एवढा आनंद मला कधी झाला न्हवता गं.

तुझी युक्ती तिला सांगू नको. पप्पाला गणित येत न्हाय, असंच वाटू दे. सुट्टीला येतेय, मला पयल्यापासनं शिकवणार म्हणतेय. मी नवी वही आणलीया.

तिच्या बाईंनी या नव्या विद्यार्थ्यावरबी लोभ ठेवावा.
अण्णा