डोंगर बाहेरच्या खोलीत आला त्याची हकीकत

प्रिय सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच मान्य करून घे, जमिनीवर घालायला सध्या घरात जागा नाही). तुझी कंबर आता बरी असेल. भाऊजींची बस चढावर बंद पडायची थांबली का? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे, आवाज त्याहून ठणठणीत.

जागा का नाही ते सांगतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी बाबांना भूगोलाच्या वर्गासाठी आपल्या द्वीपकल्पाचा प्लास्टरचा उठावाचा नकाशा करून मागितला. रिकामा बसलेला मोजणीदार याचीच वाट बघत होता. त्याच संध्याकाळी जेवणाचं टेबल गेलं. प्लास्टर कालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी कवळ्या बनवतो आणि घरात दुसऱ्या कुणाला ते येत नाही. माझी चूक एवढीच झाली की हात सवयीने चालला आणि उत्तरेकडची शिखरं दाढांसारखी निघाली. (बाबा चष्मा काढून बघत राहिले आणि म्हणाले, हिरड्या तेवढ्या राहिल्या.)

पण खरा घोटाळा उंचीचा. मापाप्रमाणे करायला गेलं तर अख्खी डोंगररांग चादरीच्या सुरकुतीएवढी भरते, म्हणून असल्या नकाशात उंची वाढवून दाखवायची रीत आहे. दहापट पुष्कळ झाली असती. पण बाबांनी उमेदीची सगळी वर्षं तो डोंगर पायी मोजलाय, त्यांना दहापट हा त्याचा अपमान वाटला. त्यांनी पन्नासपट धरली. टेबल पुरेना म्हणून आम्ही जमिनीवर उतरलो, आणि आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांग उभी आहे, आईच्या गुडघ्याला लागेल एवढी आणि ओलांडता येणार नाही एवढी पसरट. डोंगराने द्वीपकल्पाचं जे केलं तेच घराचं झालं. पश्चिमेला स्वयंपाकघर आणि आई, पूर्वेला बाबा आणि रेडिओ. मधल्या खिंडीतून चहाचा कप जेमतेम सरकतो. आईच्या हातून पाणी सांडतं म्हणून तिकडचा उतार कायम ओला, बाबांची बाजू कोरडी खडखडीत. बाबा म्हणतात हे अगदी शास्त्राला धरून आहे. आई शास्त्राला काय म्हणाली ते लिहीत नाही, पत्र तुझी लेकही वाचेल. शिवाय हे सगळं दारातून बाहेर निघणार नाही. सुतार म्हणाला, डोंगर मधोमध कापू. बाबा म्हणाले, दार काप.

आता जरा जपून लिहितो. तुझ्या साखरपुड्याच्या जेवणात भाऊजी सहज बोलून गेले की मोठी नदी त्यांच्या, म्हणजे डोंगराच्या पूर्वेच्या बाजूला उगम पावते, आणि ज्यांनी त्या डोंगराचा माथा स्वतः मोजलाय ते बाबा भरल्या ताटावरून उठले. तू भाऊजींची बाजू घेतलीस. तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं नाही. मी मध्ये पडलो नाही, पडणारही नाही (मला दोन्हीकडचा मार चुकवायचाय). पण हे बघ ताई, पश्चिमेचा उतार केव्हाच पुरा झालाय. उभे कडे, आखूड, धावत्या नद्या, सगळं रंगवून झालं. पूर्वेचा लांबच लांब उतार मात्र पांढराफटक आहे. बाबा माथ्यापर्यंत गेले, पलीकडे कधी उतरले नाहीत. आणि डोळ्यांनी बघितलेलं किंवा तिथल्या माणसाने सांगितलेलं असेल तरच कागदावर घ्यायचं, हा त्यांचा धंद्यातला नियम. छापील नकाशे ते मोजतच नाहीत.

काल मी वैतागून म्हटलं, मुख्याध्यापकांचे दोन निरोप आले, नकाशात बघून नद्या ओढून टाका. बाबा ब्रश हातात धरून डोंगराकडे बघतच म्हणाले, "तिकडचं तिला माहीत असेल."

एवढंच. पण इतक्या वर्षांत या घरात त्यांच्या तोंडून तुझा विषय पहिल्यांदा निघाला. आईने नळ बंद केला. मला भरून आलं, ताई, आणि प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं.

बाकी सर्व क्षेम. चिमुरडीला गोड पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. तू यावंस म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. फक्त या रविवारी तुम्ही दोघं मोकळे असाल, तर तुमच्याकडच्या नद्या कुठून कुठे जातात ते बोटाने दाखवायला कुणीतरी हवं आहे.

ता. क. २. बाबांना यातलं काहीही ठाऊक नाही. आपल्या दोघांत ठेव.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. उंची अठ्ठेचाळीसपट आहे, याला मोजता येत नाही. नदीचा उगम आपल्याच बाजूला आहे. तरी तिघंही या. सकाळी खिंडीत धुकं असतं, दुपारची बस धरा. थांब्यावर मी येतो. – बाबा