होल्मबीची बोट

९ सप्टेंबर, मंगळवार

बोट बंद करणार! धक्क्यावरच्या काचेच्या पेटीत कागद लावलाय, तोही गुडघ्याच्या उंचीवर. एक नोव्हेंबरपासून होल्मबी–ग्रोनवीक फेरी नाही. कारण – 'प्रवासी अपुरे.' मग मी कोण? सामान?

खाडी अशी की समोरच्या काठावर वाळत घातलेले कपडे दिसतात. तिथेच ह्यांचं केअर होम. बोटीने दहा मिनिटं. रस्त्याने जायचं तर खाडीला अख्खा वळसा – आधी शहरापर्यंत बस, तिथे दुसरी बस, आणि परतीची शेवटची दुपारीच निघून जाते. रविवारी काहीच नाही. डोळ्यांपायी माझं गाडी चालवणं तर कधीच सुटलं.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बोलणं कमी. आताशा विसरतातही. पण खिडकी धक्क्याकडे आहे. मी बोटीच्या पुढच्या कठड्याशी लाल छत्री उघडून उभी राहते, पाऊस असो नसो. हे तिथून हात हलवतात. हॅम्बर्गला जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. बोट कशी विसरतील!

११ सप्टेंबर

सरपंचांना फोन. म्हणजे बुर्गरमाइस्टर, पण हे गाव आपल्या ग्रामपंचायतीएवढं, म्हणून मी सरपंचच म्हणते. एरवी तंबूवाल्या पर्यटकांचं मैदान चालवतात. म्हणाले, बोट ग्रोनवीककरांची. ग्रोनवीकला फोन केला. ते म्हणतात, खर्च होल्मबीने द्यायचा. दोन्ही गावांची हद्द पाण्याच्या मधोमध आहे म्हणे.

म्हणजे बोट माशांची.

१८ सप्टेंबर

बोटीचं इंजिन बिघडलं, म्हणून बसने गेले. सकाळी निघाले ती ह्यांचं जेवण उरकल्यावर पोचले. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे. रुसले! उशिरा आलेलं ह्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून खपत नाही. संत्रं सोलून दिलं तर म्हणाले, 'डांके.' आभारी आहे, नर्सला म्हणतात तसं. मला जर्मनमधून टोमणा – अजून जमतं म्हणायचं.

परतीची बस धरायची म्हणून लगेच उठले.

२५ सप्टेंबर

गावसभा, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. रहिवाशांनी फक्त प्रश्न विचारायचे, भाषण नाही. ठीक. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्याकडून पूर्ण वाक्यात प्रश्न घटवून घेतले होते, ते कधीतरी उपयोगी पडायचंच. उभी राहिले. म्हटलं, "उद्या तुमच्या पत्नीला पलीकडे ठेवावं लागलं, तर तुम्ही रोज कसे जाल?"

सरपंच म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राउ दातार. दुःख आम्हालाही आहे."

पुढचा विषय – पर्यटकांसाठी नवे संडास. एकमताने मंजूर.

३ ऑक्टोबर

गावाने सह्या दिल्या तर निर्णय मतदानाला टाकावा लागतो, असं बिर्टे म्हणाली. बिर्टे माझी शेजारीण, डेन्मार्कची, परवा परवा इथे राहायला आली. दोघी दारोदार हिंडलो. लोक गोड बोलतात. आत बोलावत नाहीत. एकाने विचारलं, तुम्ही ह्यांना अलीकडच्या काठावर का नाही ठेवलं? अलीकडे होम आहे कुठे, बाबा! अलीकडे संडास आहेत.

१७ ऑक्टोबर

कचेरीतून उत्तर. सह्या कमी पडल्या. आणि पहिली सही, माझी, बाद! भारतीय पासपोर्टवाल्यांना गावच्या कारभारात मत नाही. इथे नोकरी केली, कर भरला, म्हातारी झाले – बाद. बिर्टेची चालते, ती युरोपची. ह्यांनी नोकरीसाठी पासपोर्ट बदलला तेव्हा मीही बदलणार होते. "घरात एक तरी भारतीय राहू दे की गं," असं हेच म्हणाले होते.

ह्यांची तरी सही घ्यावी, तर ह्यांचा पत्ता आता पलीकडचा. तेही बाद.

संध्याकाळी हृषिकेशचा फोन. "आई, बॉबलिंगेनला ये. बाबांनाही इथल्या होममध्ये हलवू."

विचारलं, समुद्र आहे का तिकडे?

म्हणाला, "तळं आहे."

मुलगा गुणी आहे. म्हणून भांडले नाही, फोन ठेवला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटची बोट. वारा असा की छत्री उलटली. हे खिडकीत होते. हात वर, पार खांद्याच्या वर! नर्स म्हणाली, बोट दिसली की फार खूश होतात.

निघताना रोजच्यासारखं "येते" म्हटलं. कशी येणार, ते नाही सांगितलं.

धक्क्यावर कुणी नव्हतं. सरपंच तर नव्हतेच. नावाड्याने एकदा भोंगा वाजवला, तोही स्वतःसाठी.

५ नोव्हेंबर

ग्रोनवीकहून फोन. जोडप्यांसाठीची खोली रिकामी झाली आहे, त्याच बाजूची, खिडकी धक्क्याकडे. ज्या होमला मी जगभर नावं ठेवली, जिथले मटारसुद्धा दमलेले असतात, तिथे राहायचं! हातीपायी धड असताना!

हो म्हटलं.

आता आणा बोट, नाहीतर बुडवा. माझं काही अडत नाही.

१३ नोव्हेंबर

बांधाबांध. बिर्टेने तिच्या गाडीतून सोडायचं कबूल केलंय. हृषिकेशला सांगितलं. म्हणाला, "बाबांना किती बरं वाटेल."

मला ठाऊक आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल आले. खिडकीपाशी दोन खुर्च्या लावल्या. हे सकाळपासून पाण्याकडे बघत होते. शेजारी बसून मी त्यांचा हात हातात घेतला. अवघडले, पण सोडवून घेतला नाही. मग अगदी अदबीने म्हणाले,

"बसा तुम्ही. माझी बायको येईलच एवढ्यात. बोटीने येते ती."