ख्यूलच्या काठाला भिंत नाही

मी, सुहासिनी हरीश मेश्राम, वय एकाहत्तर, राहणार ख्यूल नदीकाठी, फाल्केनबुर्ग, नेदरलँड्स, शुद्धीवर आणि कुणाच्या धाकाशिवाय हे लिहिते. कोरोना अंगातून गेला, जुलैत पूर घरातून गेला. डोके जागेवर आहे. नोटरी याची डच प्रत करतील. ही प्रत घरच्यांसाठी.

१. घर मुलगा रविराज याला. पुरानंतर टिलबर्गहून येऊन त्याने चिखल उपसला, हे विसरलेले नाही. जाताना म्हणाला, "आई, काठाला भिंत घाल, नाहीतर विकून टाक हे." दोन्ही होणार नाहीत.

२. घरामागचा काठ आणि तिथला मासेमारीचा हक्क सून राखी हिला. रविराजला नाही. भिंतीसाठी तो उतार खणावा लागेल, आणि त्याखालच्या उथळ पाण्यातल्या गोट्यांत हिवाळ्यात ट्राउट मासे अंडी घालतात. त्या दिवसांत राखी पाण्यात पाय घालत नाही, मलाही घालू देत नाही. परवानगी मिळाली तरी भिंत घालू नये. घातल्यास काठ आमच्या मासेमारी क्लबचा. "बाई उतरली की मासे पळतात," म्हणणारे दोघे तिथे अजून आहेत. भिंतीपेक्षा ते परवडले.

३. गळाची काठी आणि उलटा काटा काढलेले गळ राखीला. मासा ओल्या हातानेच धरावा आणि सोडावा. दीर श्रीकांत नागपूरहून व्हिडिओवर हसले होते, "वहिनी, सोडायचाच तर धरला कशाला?"
"भेटायला," मी म्हटले.

४. माझे पती हरीश गेले तेव्हा विमाने बंद होती. श्रीकांत म्हणाले, "दादाची राख तिथल्या नदीत तरी सोडा." मी सोडली नाही. राखेच्या बारीक गाळाने गोट्यांमधल्या फटी बुजतात, अंडी गुदमरतात. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. हरीश अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली आहेत, मलाही तिथेच ठेवावे. हिचे नदीवर प्रेम होते असे म्हणून कुणी मला तिच्यात ओतू नये.

५. रविराज, पाणी पुन्हा येईल. भिंत असती तर ते पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्या शेजारणीच्या घरात आणखी चढले असते. तळमजल्यावर लाकूड नको, फरशी घाल. विजेची बटणे छातीच्या उंचीवर घे. पाणी आले की जिना चढ. ओसरले की दार उघड आणि त्याला जाऊ दे.

साक्षीदार, दोघेही आइंडहोवनचे, अंगणात मास्क लावून सही केली:
लतिका वासनिक
देवदत्त गजभिये

सुहासिनी हरीश मेश्राम
फाल्केनबुर्ग, २१ नोव्हेंबर २०२१