अण्णा रागावले

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबत चारही वह्या पाठवते आहे. लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं सुया टोचणाऱ्या नर्सबाईने पुस्तक लिहावं, हे हसण्यासारखंच आहे, तेव्हा आधी हसून घे. झालं असं, की सलाईनची बाटली नीट करायला मी हात वर केला आणि खाटेवरच्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती का दचकली, ते त्या खोलीत फक्त मला कळलं. त्याच आठवड्यात लिहायला बसले. लहानपणी आपल्या घरात काय व्हायचं आणि मी त्यातून कशी सावरले, ते सगळं लिहिलं आहे.

टाइप तूच कर. परक्याच्या हाती वह्या द्यायला जीव धजत नाही. प्रकाशकांकडेही तूच परस्पर पाठव, कारण टाइप झालेलं मी वाचणार नाही. त्या घरातून एकदा फिरून आले, पुन्हा लगेच नको. पुस्तक निघालं तर त्या मुलीसारख्या एखादीच्या आईच्या हाती पडेल, एवढीच आशा आहे. तेवढ्यासाठी मात्र ते निघायलाच हवं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो मागून घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

तुझी,
ठमी

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वह्या पोचल्या, टाइप झाल्या आणि तीन प्रकाशकांकडे काल रवानाही झाल्या. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तुझं जन्माचं वैर. 'सलाईन' तू चार प्रकारे लिहिलं आहेस आणि चारही चूक आहेत. पान एक्केचाळीसवर तर एक ओळ इतकी गिरगटून खोडलीस, की कागदाला भोक पडलं. छापखान्यात अशा लेखकांना आम्ही नांगरे म्हणायचो.

चुका तेवढ्या काढल्या. चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, पण लेखकाच्या शब्दाला कधी हात लावला नाही. शब्द सुटलाय असं वाटलं, तर तिथे हंसपद द्यायचं, म्हणजे ओळीत एक छोटी टोपी काढायची, शब्द समासात लिहायचा आणि लेखकाला विचारायचं. याहून जास्त अधिकार आमचा नाही.

फोन करू नकोस, फोनवर मला चुका दिसत नाहीत. पत्रच लिही. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

१९ मे

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

दोन प्रकाशकांनी नाही म्हणून कळवलं. तिसरीकडच्या संपादकबाईंनी मात्र दोन पानी पत्र लिहिलं आहे. त्या म्हणतात, लेखिका बरी झाली हे पानोपानी कळतं, पण कशातून, तेच कळत नाही. वडील तापट होते एवढ्यावरून कुणी तीस वर्षं दार बंद करून झोपायला घाबरत नाही. त्यांनी सगळं बाड परत पाठवलं आहे, पुन्हा लिहून दिलंत तर वाचू म्हणाल्या.

म्हणून मी वाचलं, दादा. पान एक्केचाळीसवर मी लिहिलं होतं, अण्णांनी पट्ट्याने मारलं आणि माझा हात मोडला. तुझ्या प्रतीत आहे, अण्णा फार रागावले आणि माझ्या हाताला लागलं. वह्या तुझ्याकडे असल्या तरी काय कुठे लिहिलं ते मला पाठ आहे, म्हणून पहिल्या पानापासून बोट ठेवून पाहत गेले. जिथे जिथे मी 'मारलं' लिहिलं, तिथे तिथे 'रागावले' आहे. एकवीस ठिकाणी.

हा शब्द तुझा नाही, आईचा आहे. शेजारच्या काकू विचारायच्या तेव्हा ती दारातूनच सांगायची, काही नाही हो, हे जरा रागावले. तो एक शब्द खोडायला मला पन्नाशी गाठावी लागली आणि तू तो परत लावलास. अण्णा जाऊन बारा वर्षं झाली, आता त्यांचं नाव कुणासाठी सांभाळतोस? मला फार राग आलाय आणि त्याहून जास्त वाईट वाटलं आहे. वह्या परत पाठव.

ठमी

२ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

वह्या मीच पाठवणार होते, पण यांनी देऊ दिल्या नाहीत. तुझं पत्र आल्यापासून जेवण्यापुरते उठतात. पहिली वही उघडून एकच पान भिंगाखाली धरून बसतात. काल मी चहात साखर विसरले, तरी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तुमच्या घरचं मला यांनी कधी सांगितलं नाही. मी वही वाचली, न विचारता. तुझ्याजवळ असते तर तुला पोटाशी धरलं असतं.

त्यांची बाजू घेत नाही. रागाव, हवं तेवढं भांड. पण त्यांच्याशी अबोला मात्र धरू नकोस.

तुझी,
वहिनी

९ जून

चि. ठमीस,

आशीर्वाद द्यायचा हक्क आज मला वाटत नाही.

नकळत झालं असं लिहिलं, तर खोटं होईल. पहिल्या वेळी बोटं आपोआप गेली. दुसऱ्या वेळी मी पाहिलं आणि राहू दिलं. पुढच्या एकोणीस वेळा जाणूनबुजून केलं. अण्णांसाठी नाही. त्यांच्या नावाचं मला काही पडलेलं नाही.

तुझ्या वहीत अण्णा आहेत, आई आहे, तू आहेस. मी कुठेच नाही. त्या दिवशी मी दाराशी उभा होतो. अण्णांनी मला पट्टा आणायला सांगितलं, आणि मी खुंटीवरून काढून आणून दिला. तू आठ वर्षांची होतीस, मी बारा. 'मारलं' हा शब्द टाइप करायला लागलो, की तो पट्टा माझ्या हातात येत होता. तुला हे ठाऊक नाही या आधारावर मी आजवर तुझा दादा म्हणून मिरवलो.

सगळं पुन्हा टाइप केलं आहे. एकवीसही ठिकाणी तुझा शब्द आहे. वह्या सोबत आहेत. पान एक्केचाळीसवर मात्र मी एक हंसपद दिलं आहे. समासात लिहिलं आहे: 'पट्टा दादाने आणून दिला.' ठेवायचं की काढायचं, ते लेखिकेने ठरवावं.

दादा

१५ जून

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, आणि हा हात आखडता न घेता केलेला आहे.

इतकी वर्षं मुद्रितं तपासलीस आणि इतकं भिंग धरून बसलास, तरी खोडलेलं काय होतं ते तुला वाचता आलं नाही ना? कागदाला भोक पडेपर्यंत मी खोडली, ती हीच ओळ. शब्दही जवळजवळ हेच होते. मी आठ वर्षांची होते, आंधळी नव्हते. माझ्यापुरतं सगळं लिहायचं ठरवलं होतं, फक्त तुला त्यातून वाचवायचं होतं. तू माझे शब्द बदललेस म्हणून मी केवढी भांडले, आणि स्वतः काय केलं होतं?

हंसपद राहू दे. पण त्या ओळीपुढे मी आणखी लिहिलं आहे: 'दादाही लहानच होता. हात प्लास्टरमध्ये होता ते दीड महिना माझा सगळा अभ्यास तो माझ्या वाकड्या अक्षरात लिहून द्यायचा. बाईंना कधी कळलं नाही.' माझी प्रत तू तेव्हापासूनच करतो आहेस, आणि माझ्या चुका तेव्हा मात्र मुद्दाम तशाच ठेवायचास.

संपादकबाईंना आजच पाठवलं. वहिनीला सांग, अबोला संपला, चहात साखर घाल.

तुझीच,
ठमी

१२ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण हक्काने.

संपादकबाईंनी पुस्तक घेतलं हे तुझ्या पत्रातून कळलं, आणि पाठोपाठ मुद्रितंही माझ्याकडे आली. मुद्रितं दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत असं तू त्यांना बजावलंस म्हणे. चार दिवस खिडकीशी बसून वाचली. वहिनीने शेजारी बसून मूळ प्रत मोठ्याने वाचली, मी छापलेल्यावर बोट ठेवत गेलो. एकवीस वेळा 'मारलं' आलं, एकवीस वेळा आम्ही थांबलो.

'सलाईन' सगळीकडे बरोबर आहे. दोन ठिकाणी पूर्णविराम सुटला होता, तो दिला. तुझी आणि माझी ओळ आता छापील पान छप्पन्नवर आहे. ते पान मी तीनदा तपासलं.

त्यात चूक नाही.

तुझा,
दादा