मधल्या तीन तारा

बुऱ्हाणपूर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. मोनाली,

तुला आणि तुझ्या लेकीला अनेक आशीर्वाद. नीलेशरावांना नमस्कार सांग. सुनंदाकाकूने डिंकाचे लाडू पुण्याच्या बसने पाठवलेत. रोज एक खायचा, असं तिचं फर्मान आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतो.

तुझ्या बाबांचा तेरावा नीट पार पडला. जैनाबादहून, चांदनीहून माणसं आली. पॉवरलूमवाले पाळी सोडून आले. जीवन एवढ्या लोकांचा होता, हे मला, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला, पंगती वाढताना कळलं.

एक गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहायला बसलोय. पण आधी जरा मागचं लिहू दे.

चांदनीच्या स्टेशनमास्तरांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी आपली गिटार जीवनला देऊन टाकली. सोबत ब्लूजच्या दोन कॅसेटी. तो एकोणीस वर्षांचा होता. दिवसा लूमवर राबायचा, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, औषधाच्या बाटलीचा कापलेला गळा करंगळीत घालून तारांवरून फिरवायचा. मी शाळामास्तर, पेटी शिकलेला. मला ते मांजर रडल्यासारखं वाटे. "अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं तुला कशाला रे?" म्हटलं, तर म्हणाला, "दादा, ते बी कपासच वेचायचे ना? फिर पराये कैसे?"

तुझी आई गेली, तेव्हा चौथ्याच दिवशी तो वाजवत बसला होता. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "पुरे हे रडगाणं! आणि वाजवायचंच असेल तर आधी सुरात लाव." तो एवढंच म्हणाला, "दादा, जे रडायचं राहून जातं ना, ते याच्यात टाकतो." तुला आठवत असेल, तू दारातच उभी होतीस. चाळीस वर्षं मी त्याला तेच सांगत आलो. सुरात लाव.

आता लिहितोच.

तुझी लेक जन्मली त्या संध्याकाळी त्याने तारा जुळवल्या, तिला फोनवर ऐकवलं, आणि पहाटे गेला. तू ओली बाळंतीण, येणार कशी? तू रडत म्हणालीस, "काका, गिटारला हात लावू नका. बाबांनी ठेवली तशीच मला एकदा छेडायचीय." मी हो म्हणालो. मला वाटलं, कुणाला देऊन टाकू नका एवढंच तुझं म्हणणं. तेराव्याला भजन होतं. म्हटलं, आज तरी माझ्या भावाची गिटार चारचौघांत मानाने वाजू दे. भजनी मंडळातला विनायक गिटार शिकवतो. आदल्या दिवशी त्याला बोलावून ती सुरात लावून घेतली. मोनाली, मीच लावून घेतली.

भजन छान झालं. मग जीवनच्या शेजारच्या लूमवरच्या कडूने गिटार मांडीवर घेतली, मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि हात काढून घेतला.

"मास्तर, हे कोनी फिरवलं? भाऊ तर जानबूझके वेगळी लावायचा. कुठं बोट न ठेवता बी भरून वाजायची."

म्हणजे ती कधी बेसूर नव्हतीच. त्याची लावायची रीतच तशी होती, आणि मी एकदाही त्याला विचारलं नाही. दहा दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. माझ्या भावाने नातीसाठी जुळवलेला सूर मी माझ्या हौसेपायी पुसला.

काल विनायककडे गेलो. म्हटलं, होती तशी लावून दे. तो म्हणाला, "लावतो की, पण तो माझा हात असेल, भाऊंचा नाही." मी उठलो, तेव्हा मागून बोलला, "मास्तर, सहापैकी तीनच तारा फिरवल्यात मी. पहिली, पाचवी, सहावी. मधल्या तीन बरोबरच होत्या, त्यांना हात लावला नाही."

मी रस्त्यातच रडलो गं.

गिटार कपाटात आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला. उन्हाळ्यात तारा आपोआप उतरतात म्हणे, आणि आपलं ऊन तुला ठाऊक आहे. म्हणून सव्वा महिना झाला की लगेच लेकीला घेऊन ये. त्या तीन तारा तू छेड. मला माफ करायचं की नाही, ते त्यानंतर बघ. मी ओट्यावर बसेन आणि या वेळी तोंड उघडणार नाही.

कान असून बहिरा,
तुझा अरविंदकाका